झाकलेली फळी

बोट म्हटली की वाचकांच्या डोळ्यांसमोर पाण्यावरची बोट उभी राहते. नवा रंग ल्यालेली, पताका लावलेली, मागे पांढऱ्या फेसाची रेघ सोडीत जाणारी. मोसमाच्या आरंभी बोटींना आशीर्वाद देण्यासाठी आम्हांस बोलावणे येते, तेव्हा आम्हीही तिला याच रूपात पाहतो. परंतु किनाऱ्यावरील धर्मग्रामात काही वर्षे काढल्यावर बोटीचे दुसरे एक रूप आमच्या अधिक परिचयाचे झाले आहे. उधाणाच्या भरतीला खाडीच्या कडेला वर ओढून घेतलेली, दोन्ही अंगांना लाकडी टेकू दिलेली, ताडपत्रीच्या छपराखाली निमूट बसलेली बोट. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंद ठेवण्याचा नियम २०१५ साली आला. त्याआधीही पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतच होत्या. समुद्रावर वर्षभर काय घडले याचा सारा हिशेब या दिवसांत लाकडावर वाचता येतो. कोळीगीते समुद्रावर पुष्कळ झाली, किनाऱ्यावरच्या या मुक्कामाविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत ती बोट आमच्या धर्मग्रामातील एका तांडेलांची. वय तेहतीस वर्षे. तळाचा कणा आणि फळ्या सागाच्या, आतील वाक बाभळीचे, मागील बाजूस सुकाणू धरणाऱ्यासाठी बांधलेली केबिन आणि केबिनच्या तळाशी सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन. केबिन म्हणजे तशी लहानशी खोलीच. आत आडवे व्हायला दोन फळ्या, एक स्टोव्ह, काचेच्या खिडकीपाशी पवित्र मारियेची तसबीर. तीन-चार दिवस समुद्रावर राहणाऱ्या माणसांचे तेच घर. याच बोटीवर तांडेलांनी तीन मुलींची लग्ने केली, धाकट्या मुलाला पदविकेपर्यंत शिकवले. आता तोच मुलगा बोटीवर बसतो, आणि वाद होता तो या बापलेकांत.

मागील दोन मोसमांत बोट पाणी अधिक घेऊ लागली होती. पूर्वी दिवसातून एकदा उपसावे लागे, ते आता चारदा उपसावे लागत होते. मुलाच्या ओळखीचा एक ठेकेदार सांगून गेला होता की तिला बाहेरून फायबरचे आवरण चढवले की दहा वर्षे पाहायला नको. तळ तेवढा घासायचा, काचेचे कापड अंथरायचे, रसायन ओतायचे, पंधरवड्यात काम संपले. तांडेलांचे म्हणणे, आधी फळ्या उघडून पाहू. उघडायचे म्हणजे सागाचे लाकूड विकत घेणे आले, मिस्त्रीची दोन महिन्यांची मजुरी आली, आणि आत काय निघेल याचा भरवसा नाही तो नाहीच. एका सायंकाळी दोघेही आमच्याकडे आले. “फादर, तुम्हीच त्याला समजवा,” बाप म्हणाला. “फादर, तुम्हीच बाबांना सांगा,” मुलगा म्हणाला. आम्हांस लाकडातले काय कळणार! तरी येऊन पाहू, एवढे आम्ही कबूल केले. त्या वर्षी तांडेलांनी मासेमारी लवकर आटोपती घेऊन बोट मे महिन्याच्या मध्यासच वर घेतली होती, आणि त्यानंतरचे अडीच महिने आमच्या सायंकाळच्या फेरीची वाट ठरून गेली.

मुलाची बाजू अगदीच हलकी नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. पहिल्यापासून फायबरची म्हणूनच बांधलेली बोट ही चांगली वस्तू आहे. तिला किडा लागत नाही, तिचे सांधे उघडत नाहीत, रंगाचा खर्च कमी. आज किनाऱ्यावर अशा बोटी वाढत आहेत आणि त्यात गैर काही नाही. शिवाय मुलाने आमच्यासाठी खास एक युक्तिवाद शोधून आणला होता. “फादर, देवाने नोहाला तारवाला आतून-बाहेरून लेप द्यायला सांगितलंच होतं ना? मग आम्ही दिला तर काय झालं?” उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात ते खरेच आहे, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. उत्तर दिले ते मिस्त्रीने, हातातला वाकस खाली न ठेवता. “तारू नव्या लाकडाचं होतं, भाऊ. आणि एकाच सफरीसाठी होतं.”

मिस्त्रीचे वय सत्तरीच्या आसपास. त्याच्या बोलण्यातला मथितार्थ आम्हांस हळूहळू उमगत गेला तो असा. जुन्या फळ्यांच्या बोटीचे अंग सतत हलत असते. भिजले की फळी फुगते, वाळली की आकसते, लाटेवर प्रत्येक सांधा केसभर सरकतो. फायबरचे कवच मात्र ताठ. त्यातून साग हे तेलकट लाकूड, आणि तळाच्या फळ्यांत वर्षानुवर्षांचे पाणी व डिझेल मुरलेले. त्यावर ते रसायन घट्ट धरत नाही. काही काळाने कुठेतरी बारीकशी चीर जाते, पाणी कवचाच्या आत शिरते, आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. फळी आतल्या आत कुजू लागते, वरून मात्र आरशासारखी गुळगुळीत. “आज पाणी आत येताना दिसतं तरी,” मिस्त्री म्हणाला, “मग तेही दिसायचं नाही.” आवरणाला त्याचा सरसकट विरोध नव्हता. लाकूड निरोगी, कोरडे आणि हलेनासे करता आले तर खुशाल आवरण घाला, पण ते निरोगी आहे की नाही हे उघडल्यावाचून कळणार कसे, एवढाच त्याचा प्रश्न.

तपासणी दोन दिवस चालली. एका हातात लहान हातोडी, दुसऱ्या हातात टोच्या. मिस्त्री फळीवर ठोकीत जाई आणि डोके किंचित कलते करून ऐके. निरोगी सागावर हातोडी पडली की खणखणीत नाद येतो व हातोडी उसळते. कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो, जणू ओल्या पोत्यावर ठोकले. तेथे टोच्या लावला की तो लोण्यात शिरावा तसा आत जाई. संशयाच्या जागी खडूची फुली पडे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही फुल्या मोजल्या, तर त्या निम्म्याहून अधिक पाण्याच्या रेषेच्या वर, केबिनच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटींखाली आणि छपराच्या कडेने होत्या. आमची समजूत अशी की बोटीला समुद्राचे पाणी खाते. वस्तुतः लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात नीट वाढत नाही, तिला गोडे पाणी लागते, कोंदट हवा लागते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर तिचे काही चालत नाही. छपराच्या फटीतून थेंबथेंब झिरपणारा पाऊस, केबिनच्या बंद कोपऱ्यात साचलेला दमटपणा, हेच तिचे खाद्य. या बोटीची केबिन पावसाळ्यात कडेकोट बंद करून ठेवण्याची पद्धत होती, चोरीच्या भयाने. मिस्त्रीने पहिले काम केले ते केबिनचे दार आणि दोन्ही खिडक्या काढून बाजूला ठेवण्याचे.

पाण्याच्या रेषेखाली शत्रू वेगळा. कण्याला लागून असलेल्या एका फळीवर बाहेरून काहीही दिसत नव्हते. सुईच्या टोकाएवढी चार-दोन छिद्रे, तीही मिस्त्रीने बोट ठेवून दाखवल्यावर दिसली. फळी काढून तिचा तुकडा करवतीने आडवा कापला, तेव्हा मधमाश्यांच्या पोळ्याचा छेद हाती आला. बोटीला लागणारा हा जो किडा, तो खरे पाहता किडा नव्हेच. तो कालव-शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. अगदी लहानपणी तो रंग खरवडलेल्या जागी लाकडाला चिकटतो आणि बारीकसे छिद्र पाडून आत शिरतो. नंतर आतच वाढतो, वीतभर, कधी हातभरही, आणि आयुष्यात पुन्हा बाहेर येत नाही. डोक्याकडचे दोन लहान शिंपले कानशीसारखे चालवून तो लाकूड किसतो, आपल्या बोगद्याला आतून चुन्याचे अस्तर लावतो, आणि संकट आले की शेपटाकडील दोन झडपांनी छिद्र मिटून घेतो. विशेष असा की तो शेजाऱ्याच्या बोगद्यात शिरत नाही आणि फळीचा पृष्ठभागही फोडीत नाही. म्हणून फळी संपत येईतो तिचा चेहरा अभंग राहतो.

या प्राण्याने इतिहासातही पुष्कळ उलथापालथ केलेली आहे. कोलंबसाच्या चौथ्या सफरीतील गलबतांची त्याने अशी चाळण केली की १५०३ साली उरलेली दोन जहाजे जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून त्याला वर्षभर तेथेच अडकून राहावे लागले. १७३१ च्या सुमारास हॉलंडमधील समुद्रबांधांचे लाकडी खांब पोखरले गेल्याचे ध्यानात आले, आणि तेथील लोकांना बांधासाठी दगड आणण्याची पाळी आली. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने मात्र त्याच्याकडून धडा घेतला. डोके पुढे ठेवून खणत जायचे आणि मागोमाग अस्तर बांधीत जायचे, या त्याच्या रीतीवरून त्याला बोगदा खणण्याची ढाल सुचली, असे सांगतात. १८१८ साली त्याने तिचे एकस्व घेतले, आणि थेम्स नदीखालचा बोगदा १८४३ मध्ये खुला झाला. हे आम्ही मिस्त्रीला सांगितले. तो म्हणाला, “हुशार आहेच तो. म्हणून तर बोट सुकवायची.” पाण्याबाहेर काही आठवडे सुकली की आतला प्राणी मरतो. बोगदे मात्र राहतात.

एकंदर सात फळ्या आणि तीन वाक बदलावे लागतील असा निर्णय झाला. त्यांतील चार फळ्या डाव्या अंगाच्या, त्या आणखी एक वर्ष काढतील असे मिस्त्रीचे मत पडले, म्हणून या मोसमात तीनच. मुलाचा चेहरा उतरला होता. कण्याजवळच्या फळीचा तो कापलेला तुकडा त्याने घरी नेला आणि ओसरीवर ठेवला. ठेकेदाराचे नाव त्यानंतर निघाले नाही.

बाभळीच्या वाकांची कथा आम्हांस सर्वांत रोचक वाटली. बोटीच्या पोटाला आतून आधार देणाऱ्या या फासळ्या सरळ लाकडातून कापून काढता येतात, पण तसे केले तर वळणापाशी लाकडाचा रेषा तुटतो आणि भार आला की तेथेच भेग पडते. म्हणून मूळ झाडातच जे खोड किंवा फांदी हवी तशी वाकलेली असेल ती शोधावी लागते. मिस्त्री लाकडाच्या वखारीत गेला नाही. पातळ लोखंडी सळई त्या वाकाच्या आकाराने वळवून ती खांद्यावर घेऊन तो दोन दिवस बांधाबांधाने हिंडला आणि बाभळीच्या फांद्यांना लावून पाहत राहिला. सरळ उंच वाढलेल्या झाडाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. सुतारकामाच्या इतर कोणत्याही शाखेत वाकड्या झाडाला एवढा मान मिळत असेल असे आम्हांस वाटत नाही.

नवी फळी बसवताना तिला कडेने रंधा मारून शेजारच्या फळीशी जुळवायची, ओल्या तरटात गुंडाळून शेकायची आणि गरम असतानाच वाकवून शिकंजांनी आवळायची. इंचभर जाडीला सुमारे तासभर वाफ, असा सर्वत्रच ठोकताळा आहे. दोन फळ्यांचे टोकाचे सांधे शेजारीशेजारी येऊ द्यायचे नाहीत, एरवी बोट तेथेच मोडेल. भिंत बांधणारा गवंडी विटांच्या बाबतीत जे पाहतो तेच हे. जुन्या खिळ्यांपैकी पुष्कळ उपटताना हातातच तुटले. लोखंड गंजते तेव्हा आपल्याबरोबर भोवतालचे लाकूडही काळे आणि मऊ करून टाकते. त्यात जवळपास तांबे किंवा पितळ असेल तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची विजेरीच तयार होते आणि लोखंडाचा बळी जातो. इंग्रजांच्या आरमाराला हे फार महागात कळले. किड्यापासून बचाव म्हणून १७६१ साली त्यांनी ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तो लाकूड सुरक्षित, पण पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे झिजून गेलेले.

जुलै उजाडला तेव्हा सांधे बुजवण्याचे काम सुरू झाले. मे महिन्याच्या उन्हात बोट इतकी सुकली होती की आत उभे राहिले असता फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा दिसत. पावसाच्या हवेने त्या काहीशा मिटल्या, तरी बोटाचे नख जाईल एवढी फट राहिलीच. या फटींत कापसाची वळलेली दोरी बोथट पटाशीने ठोकून बसवतात आणि वर राळ व तेल यांचे मिश्रण भरतात. पाहणाऱ्याला वाटेल, जितके ठासून भरावे तितके चांगले. मुलालाही तसेच वाटले. बापाचा वाद हरल्यामुळे असेल, तो आता या कामात हिरिरीने पडला होता आणि मोठ्या हातोड्याने दणादण ठोकीत होता. मिस्त्रीने त्याचा हात धरला. फळी पाण्यात गेली की पाणी पिऊन फुगणार, तिला फुगायला जागा हवी. सुकलेल्या फटीत कठीण वस्तू गच्च भरली तर फुगणारी फळी शेजारणीला ढकलते, खिळे उपटते, क्वचित वाक मोडते. गळणारी बोट नीट करण्याच्या नादात धडधाकट बोट मोडलेली त्याने पाहिली होती म्हणे. ठोकण्याच्या आवाजातच थांबण्याची खूण असते. दोरी बसली की पटाशी वेगळ्या सुरात वाजते. आम्ही पुष्कळ कान देऊनही तो फरक आमच्या ध्यानात आला नाही, मुलाच्या मात्र तिसऱ्या दिवशी आला.

बोटीच्या पोटात वाकांच्या तळाशी लहान लहान भोके ठेवलेली असतात. आत आलेले पाणी त्यांतून वाहत पंपापाशी जमावे म्हणून. या बोटीतील बहुतेक भोके रंगाच्या खपल्यांनी, माशांच्या खवल्यांनी आणि जाळ्याच्या धाग्यांनी बुजली होती. ती साफ करण्यास एक सळई आणि एक सकाळ लागली. आमच्या मते सबंध दुरुस्तीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम तेच.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यातले बरेचसे काम कोणत्याही मोटारीच्या कारखान्यात चालते तेच. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, धूर काळा आला तर हवा कमी किंवा भार जास्त, निळा आला तर तेल जळते आहे, हे ट्रकवाल्यालाही ठाऊक असते. पण जेथे इंजिनाचा दांडा बोटीचे अंग भेदून पाण्यात जातो ती जागा ट्रकला नसते. दांड्याभोवती चरबी लावलेली चौकोनी दोरी भरून ती ग्लँडच्या नटांनी आवळतात. आम्ही पाहिले तर तेथून पाणी ठिबकत होते. आम्ही घाईघाईने यांत्रिकाच्या ध्यानात ते आणून दिले. तो हसला. दांडा फिरत असता मिनिटाला दोन-चार थेंब आलेच पाहिजेत. त्या पाण्यानेच दोरी आणि दांडा थंड राहतो. पूर्ण कोरडी होईपर्यंत आवळली तर दोरी जळते आणि दांड्याला चर पडतो, मग धारच लागते. अडीच महिने जी माणसे गळती थांबवण्यासाठी झटत होती, त्यांनीच एक गळती मोजूनमापून राखून ठेवली होती.

दुसरी गोष्ट जस्ताची. पंख्याजवळ दांड्यावर आणि सुकाणूच्या लोखंडावर जस्ताचे तुकडे बसवतात. खाऱ्या पाण्यातल्या त्या विजेरीत सर्वांआधी जस्त झिजते, आणि ते झिजत असते तोवर पंख्याचे पितळ वाचते. वर्षाने काढलेला तुकडा कुरतडलेल्या बिस्किटासारखा दिसत होता. त्याला रंग लावायचा नसतो. लावला तर तो झिजत नाही आणि निरुपयोगी ठरतो. ही युक्ती सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची. १८२४ साली त्यांनी आरमाराला दाखवून दिले की तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर तांबे झिजत नाही. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला आणि तरीही सोडून द्यावा लागला. कारण तांबे झिजायचे थांबताच जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि शिंपले दाट वाढू लागले. तांब्याचा जो अंश पाण्यात विरघळत होता, तोच त्यांना दूर ठेवीत होता. पत्रा वाचला, पण ज्यासाठी तो ठोकला होता ते कामच बंद पडले. आजही तळाला लावायच्या लाल रंगात तांब्याचाच क्षार असतो, आणि तो हळूहळू विरघळत राहिला तरच उपयोगी पडतो. मध्यंतरी त्याहून जालीम असा कथिलाच्या संयुगाचा रंग निघाला होता. त्याने फ्रान्समधील आर्काशाँ उपसागरातील कालवांची पैदास बुडवली, शिंपा विनाकारण जाड झाल्या. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने तो जगभर निषिद्ध ठरला. खाडीतली कालवे फोडून पोट भरणाऱ्या आमच्या भगिनींना या बंदीची वार्ताही नसेल, पण लाभ त्यांचाही आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना थीसियसच्या जहाजाचा जुना प्रश्न आम्हांस घातला होता. एकेक करून सर्व फळ्या बदलल्या, तर ते जहाज तेच म्हणायचे की दुसरे? आम्ही त्यावर पुष्कळ पाने लिहिली होती. ताडपत्रीखाली बसून तो प्रश्न आम्ही तांडेलांना विचारला. त्यांना त्यात प्रश्न असा काही दिसलाच नाही. “कणा तोच आहे ना?” एवढे विचारून ते कामाला लागले. कणा बदलला तर काय, असे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही. चांगला साग किती टिकतो याचे उदाहरण मात्र मुंबईचेच देता येते. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. १९९० ते २००१ एवढा काळ तिची दुरुस्ती चालली आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. दोनशे वर्षांच्या त्या आजीपुढे तेहतीस वर्षांची आमची बोट पोरच म्हणायची. फरक इतकाच की त्या आजीला आता पापलेट आणायला जायचे नाही, आणि तिच्यापाठी संस्था उभी आहे. तांडेलांनी सागाच्या फळ्यांसाठी पत्नीच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. हे आम्हांस त्यांनी नव्हे, त्यांच्या पत्नीने सांगितले, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे.

जुलैच्या अखेरच्या उधाणाला बोट पाण्यात गेली. आम्हांस वाटले होते की आता ती थेंबही घेणार नाही. प्रत्यक्षात पहिल्या तासातच सांध्यांतून पाणी झिरपू लागले आणि तळाशी घोटाभर झाले. मिस्त्री निर्धास्त होता. फळ्यांना फुगायला एक-दोन दिवस लागतात, तोवर कोणीतरी पंपापाशी बसले पाहिजे, एवढेच. मुलगा बसला. रात्री दहाला त्याने पंप चालवला, बाराला चालवला, तीनला चालवला, आणि दर वेळी पाण्याची खूण खडूने वाकावर काढून ठेवली. सकाळी मिस्सा आटोपून आम्ही गेलो तेव्हा तो केबिनच्या दारात झोपला होता. खडूच्या रेघा एकीखाली एक उतरत गेल्या होत्या, आणि सर्वांत खालच्या रेघेपाशी लाकूड नुसते ओलसर होते.

इंजिन आणि दांडा एका रेषेत आहेत की नाहीत याची अखेरची तपासणी त्यानंतर झाली. ती बोट पाण्यात असतानाच करावी लागते, कारण टेकूंवर बसलेल्या बोटीचा आकार वेगळा आणि तरंगणाऱ्या बोटीचा वेगळा. चार इंची जोडाच्या दोन तबकड्यांमधली फट चारही बाजूंनी मोजायची आणि इंचाच्या चार हजारांश भागाहून अधिक फरक येऊ द्यायचा नाही. इंजिनाखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालता-काढता सारी दुपार गेली. संध्याकाळी यांत्रिकाने दांडा एका हाताने फिरवून दाखवला.

डाव्या अंगाच्या चार फळ्या पुढील जूनवर ठेवल्या आहेत. त्यांचे लाकूड जमेल तसे आणून ठेवायचे असे तांडेलांनी ठरवले असून त्यांतील दोन ओंडके आमच्या चर्चच्या मागील पडवीत, खाली विटा घालून आणि मधून वारा खेळेल अशा बेताने, मुलाने स्वतः रचले आहेत. बांगड्या अजून सुटायच्या आहेत. केबिनला या वर्षी दाराऐवजी झडपांची जाळी बसवली आहे.